परस आणि पदवी

(वैजापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाची मुद्रित संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी तीन वर्षं भूगोल शिकले. पुस्तकातला भूगोल त्यांनी काय शिकवला ते आता फारसं आठवत नाही. आठवतं ते त्यांचं पर्जन्यमापक. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला ते शाळेमागे जात, भांड्यातलं पाणी मापाच्या नळीत ओतत आणि आकडा फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहीत. पाऊस नसला तर शून्य लिहीत. एकदा मी विचारलं, "गुरुजी, पडलाच नाही तर लिहायचं कशाला?" ते म्हणाले, "अगं, शून्य लिहिलं नाही तर पुढच्याला वाटेल मोजायचंच राहून गेलं."

त्या वर्षी फळ्याच्या त्या कोपऱ्यात शून्यं फार होती. पुढे मी भूशास्त्र शिकले, भूजलाच्या कामात आयुष्य घातलं, त्याची सुरुवात त्या कोपऱ्यातून झाली.

आज मला विषय दिला आहे 'नैसर्गिक साधनसंपत्तीचं शिक्षण आणि करिअर'. इथे बारावीची, पदवीची मुलं-मुली बसली आहेत. त्यांचा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण गेली दहा वर्षं प्रत्येक महाविद्यालयात तोच प्रश्न येतो, "मॅडम, याला स्कोप आहे का?" प्रश्न रास्त आहे. दोन-तीन एकर कोरडवाहूवर ज्या घराने पोराला होस्टेलला ठेवलं, त्या घराला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण आधी एक हिशोब मांडू द्या.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी पडलं. हे तोंडपाठ करा. आता आपल्या तालुक्यातलं एखादं मध्यम गाव घ्या, शिवार 1,000 हेक्टर. पाऊस धरू 500 मिलिमीटर. म्हणजे त्या गावच्या शिवारावर वर्षाला 500 कोटी लिटर पाणी आभाळातून पडतं. गावात माणसं 2,000. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज 55 लिटर धरलं, तर वर्षभराचं पिण्या-वापरण्याचं पाणी होतं 4 कोटी लिटर. शंभरातला एक भागसुद्धा नाही! तरीही एप्रिल उजाडला की गावात टँकरची वाट पाहिली जाते.

मग उरलेले 496 कोटी लिटर जातात कुठे? बरंचसं उन्हाने उडतं, पिकं आणि गवत पितात, काही ओढ्याने गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, जातं. आपल्या काळ्या खडकात ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरतो असं धरू. म्हणजे 50 कोटी लिटर. विहिरी, बोअर, हातपंप, सगळ्यांनी मिळून वापरायचं ते हे. उसाला वर्षभरात दोन मीटरच्या आसपास पाणी लागतं. त्यातला अर्धा मीटर पावसाने दिला असं समजलं तरी उरलेलं दीड मीटर आपल्याला द्यावं लागतं, एकरी साधारण 60 लाख लिटर. आता भागाकार करा. गावात मुरलेलं सगळं पाणी ऐंशी-पंच्याऐंशी एकर ऊस पिऊन टाकतो. शिवार आहे जवळपास 2,500 एकर. तेच पाणी उन्हाळ कांद्याला घातलं तर दोनशे-सव्वादोनशे एकर भिजतील.

यातला कुठलाही गुणाकार सातवीच्या पुढचा नाही. पण हा हिशोब ग्रामसभेत उभं राहून, आपल्या गावचे खरे आकडे घालून, ऊसवाल्याला राग न येऊ देता मांडेल असा माणूस तालुक्यात किती गावांत आहे? ज्या शिक्षणाबद्दल मी बोलायला आले, ते हा माणूस घडवण्याचं शिक्षण आहे.

आता थोडं घरचं सांगते. आमचं शेत डोंगरथडीला, शिऊरच्या बाजूला. संत बहिणाबाईंचं शिऊर. तिथली जमीन उथळ, हातभर खणलं की मुरूम. खाली गंगथडीला, वांजरगाव-नागमठाणकडे, काळी कसदार माती. एकाच तालुक्यात दोन मुलूख. माझ्या वडिलांनी विहीर काढायचं ठरवलं तेव्हा पाणाड्याला बोलावलं. तो उंबराची दुबेळकी फांदी हातात धरून शेतात फिरला आणि एका जागी थांबला. वडिलांनी तिथे सात परस खोदलं. परस म्हणजे माणसाच्या उंचीचं माप, आमच्याकडे विहीर अजून परसातच सांगतात. पाणी लागलं, पण होळीपर्यंतचं. पुढे त्याच विहिरीत आडवे बोअर मारले, मग उभे मारले. शेवटचं बोअर कोरडं गेलं तेव्हा मी अकरावीत होते.

पाणाड्याला मी हसत नाही. महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सुचवलं होतं, की सरकारने पाणाड्यांकडून गावोगावचे झरे शोधून घ्यावेत आणि त्यांच्या खुणा गावच्या नकाशावर नोंदवाव्यात. बांधबंदिस्ती करून पावसाचं पाणी शेतातच मुरवावं, हेही त्यांनी त्याच पुस्तकात मांडलं. विचार करा, आपण आज ज्याला भूजलाचा नकाशा म्हणतो, पाणलोट विकास म्हणतो, त्याची मागणी एका मराठी माणसाने एकशे चाळीस वर्षांपूर्वी केली होती. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तिथे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाने ती पानं वाचावीत अशी माझी फार इच्छा आहे.

पाणाड्याला जे ठाऊक नव्हतं ते खडकाने मला विद्यापीठात शिकवलं. आपल्या राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, भाकरीची चवड रचावी तसा. प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र, खालचा घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीसारखा पातळ पट्टा. पाणी राहतं ते भेगांत, सच्छिद्र भागात आणि वरच्या मुरमात. खाली जावं तसं पाणी वाढत नाही, बहुधा कमीच होतं. म्हणून सहाशे-सातशे फुटांचं बोअर म्हणजे पैसे खडकात पुरणं. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेती-उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास 200 फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई केली, त्यामागे हेच शास्त्र आहे. कायदा पुस्तकात आहे आणि बोअरची गाडी रात्री शिवारात आहे. या दोहोंच्या मधली जागा भरायला शिकलेली माणसं हवी आहेत.

पदवी घेतल्यावर मी काय केलं तेही सांगायला हवं, कारण मुलांना यशाच्याच गोष्टी सांगितल्या जातात. माझ्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याने विहिरीची जागा दाखवायला बोलावलं. माझ्याकडे रेझिस्टिव्हिटी मीटर होतं. चार सळया जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांवरून खडकाचा विरोध वाचायचा. मी वाचला, आलेख काढला, जागा दाखवली. त्यांनी बैलजोडी विकून पंचेचाळीस फूट खोदलं. घट्ट पाषाण. मी बघायला गेले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्या मशीनला शेजारची विहीर दिसली नाही का? पन्नास पावलांवर आहे, तीन वर्षं कोरडी आहे."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. मी यंत्र वाचलं होतं, शिवार वाचलं नव्हतं. त्यानंतर आठ दिवस मी त्या शिवारातल्या एकतीस विहिरी फिरले. प्रत्येकीची खोली, पाण्याची पातळी, कुठल्या फुटावर कुठला खडक, मोटार किती तास चालते, हे सगळं वहीत लिहिलं. आठव्या दिवशी चित्र उभं राहिलं. तांबडा पट्टा फोडून खालच्या सच्छिद्र थरापर्यंत गेलेल्या विहिरींनाच उन्हाळ्यात पाणी होतं, आणि तो थर ओढ्याच्या पलीकडे होता. जे मला पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते मी बैलजोडी गेल्यावर केलं. त्या घराचं नुकसान मी भरून देऊ शकले नाही. पण त्यानंतर विहिरी फिरल्याशिवाय मी कुणाला जागा दाखवली नाही, आणि माझ्या हाताखाली आलेल्या एकाही मुला-मुलीला दाखवू दिली नाही.

आता विद्यापीठांकडे येऊ. आपल्याकडे हा विषय तुकड्यांत शिकवला जातो. माती कृषी महाविद्यालयात, खडक भूशास्त्रात, धरण स्थापत्य अभियांत्रिकीत, जंगल वनशास्त्रात, पाणीवाटपाचं भांडण कायद्याच्या वर्गात. शेतकऱ्याच्या विहिरीत हे सगळं एकत्र असतं. म्हणून मी मुलांना सांगते, दार कुठलंही निवडा, पण शेजारच्या खोल्यांत डोकावत राहा.

दारं आहेत, आणि लांब नाहीत. राहुरीला 1968 पासून, परभणीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या कृषी अभियांत्रिकीत मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विभाग असतो. बी.एस्सी. कृषी करायला सगळे धावतात, कृषी अभियांत्रिकीकडे त्या मानाने कमी जातात, हे मला कळत नाही. बांध किती उंच, सांडवा किती रुंद, हे ठरवायला तोच माणूस लागतो. वनशास्त्राची पदवी दापोलीला आणि अकोल्याला मिळते. नांदेडच्या विद्यापीठात भूविज्ञानाचं संकुल आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र ऐंशीच्या दशकापासून आहे, तिथे समाजशास्त्राच्या बाजूने याच विषयाकडे जाता येतं. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, त्याने राज्याच्या दुष्काळी गावांसाठी पाण्याच्या ताळेबंदावर काम केलं आहे. आणि आपल्या जिल्ह्यात, कांचनवाडीला, वाल्मी आहे. जल व भूमी व्यवस्थापन संस्था, 1980 ची. राज्याचं मृद व जलसंधारण आयुक्तालयही तिथेच आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला त्यासाठी एवढ्या लांब यावं लागेल, तुम्हाला रोटेगावहून सकाळची गाडी पुरते.

मोठी नावं हवी असतील तर तीही याच मातीत आहेत. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून पाणी आणून शहर वसवलं, ती नहर-ए-अंबरी आपल्या जिल्ह्यात आहे. चाळीसगावला जन्मलेले आणि छत्रपती संभाजीनगरला राहिलेले माधवराव चितळे यांना 1993 साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. पण मला स्वतःला सगळ्यांत जवळचे वाटतात ते विलासराव साळुंखे. व्यवसायाने अभियंते. 1972 चा दुष्काळ पाहिला आणि पुरंदर तालुक्यातल्या नायगावला जाऊन बसले. त्यांनी पाणी पंचायत उभी केली. त्यांचा नियम असा की पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, माणसांच्या संख्येने वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं, आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. अभियंत्याचं गणित आणि गावाचा न्याय एका कागदावर आले. या विषयात शिकायचं म्हणजे त्या कागदापर्यंत पोचायचं, अशी माझी समजूत आहे.

आपल्या शेजारी जालना जिल्ह्यात कडवंची आहे. नव्वदच्या दशकात तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम झालं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं वर्षानुवर्षं गावात जात राहिली. आज ते द्राक्षांचं गाव म्हणून ओळखलं जातं. पण मुलांनो, तिथे जाल तेव्हा द्राक्षांचे फोटो काढून परतू नका. शेततळी बघा. प्रत्येकाला विचारा की तळं भरतं कशाने.

हे मी मुद्दाम म्हणते, कारण शेततळ्याबद्दल माझ्या मनात सल आहे. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल तळं, त्यात वीस लाख लिटरच्या वर पाणी मावतं. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात आलं तर सोनं आहे. पण किती तरी ठिकाणी प्लास्टिक अंथरलेलं तळं विहिरीतून उपसून भरलं जातं. सगळ्यांच्या मालकीचं जमिनीखालचं थंड पाणी एकाच्या तळ्यात उन्हात उघडं पडतं. मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं. म्हणजे एका तळ्यातून रोज 9,000 लिटर आभाळात, जवळपास एक टँकर! ज्या गावात टँकर येतो त्याच गावात रोज तेवढं पाणी उडून जातं. यात शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. त्याची बाग जगायला हवी आहे आणि शेजारी उपसतोय म्हणून तोही उपसतो. ही कोंडी आकड्यांशिवाय फुटत नाही.

वैजापूर तर दोन भांडणांच्या मधोमध आहे. इगतपुरीच्या भावली, भाम, वाकी, मुकणे या धरणांतलं पाणी नांदूर-मधमेश्वरच्या जलद कालव्याने आपल्याकडे येतं. त्यासाठी आपण वरच्यांशी भांडतो, आणि आपल्यातही चारीच्या सुरुवातीचा आणि टेलचा शेतकरी एकमेकांशी भांडतात. खाली जायकवाडी आहे, 1976 ला लोकार्पण झालेलं. 15 ऑक्टोबरला त्यात 65 टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या धरणांनी सोडायचं, असं सूत्र मेंढेगिरी समितीने सुचवलं. 2005 च्या कायद्यातलं समन्यायी वाटपाचं तत्त्व उच्च न्यायालयाने 2016 साली उचलून धरलं. या वादात मोर्चे सगळ्यांनी काढले आहेत. पण धरणात किती आलं, वाटेत किती मुरलं, कालव्यात किती गळलं, चारीला किती पोचलं, हे मोजून सांगणारा आपल्या बाजूचा तरुण अभ्यासक मला अजून फार थोड्या वेळा भेटला. आपण टेलला आहोत अशी आपली तक्रार आहे ना? मग टेलवरचा प्रवाह मोजायला आपल्या मुलांनी शिकायला हवं.

वाळूचंही तेच. गंगेच्या पात्रातून किती ब्रास गेली यावर गावोगाव कुजबुज असते. एका पुराने किती परत येते, हे मोजल्याशिवाय कुणी बोलू नये असं मला वाटतं, आणि मोजलंही जात नाही. शेजारी येवल्यात ममदापूरला काळविटांसाठी संवर्धन क्षेत्र आहे. काळवीट तालुक्याची हद्द ओळखत नाही, मक्याच्या रानात शिरतं. वनशास्त्र शिकलेल्या मुलीला इथेच, स्वतःच्या बांधावर काम आहे.

आता स्कोप. खरं सांगते. कायम सरकारी जागा थोड्या आहेत आणि जाहिराती वर्षानुवर्षं रखडतात. भूवैज्ञानिकांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची स्वतंत्र परीक्षा आहे, त्यातून केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. राज्य आयोगाकडून कृषी सेवा, वनसेवा, जलसंधारण अधिकारी ही पदं निघतात. त्यांची तयारी जरूर करा. पण पाच-पाच वर्षं फक्त अभ्यासिकेत बसून, विषयाला हात न लावता केलेली तयारी मला बघवत नाही. बाकीचं बरंच काम प्रकल्पांवर मिळतं, तीन वर्षांच्या कंत्राटाचं. पगार सुरुवातीला बेताचा. नगरला 1993 साली सुरू झालेल्या वॉटरसारख्या संस्था, पुण्याची अ‍ॅक्वाडॅम, शेतकरी उत्पादक कंपन्या, पर्यावरण परिणामांचे अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्या, उपग्रहाची चित्रं वाचणारी मंडळी, अशा ठिकाणी जागा असतात. तिथे पदवीइतकंच विचारतात की नकाशा काढता येतो का, शिवारफेरी घेता येते का, आणि शेतकऱ्याशी नीट बोलता येतं का. पहिलं विद्यापीठ शिकवतं. उरलेली दोन शिकायला तुमच्याइतकी सोय कुणाला नाही, कारण तुम्ही गावातच वाढलात.

मुलींच्या आईवडिलांना वेगळं सांगते. फिरतीचं काम आहे म्हणून नाही म्हणू नका. पाणी आणायला मुलीला दोन कोस पाठवताना आपण फिरतीचा विचार केला नव्हता.

शेवटी एक कामाचं बोलते आणि थांबते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्यभरातल्या सुमारे 3,900 निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यातली एक मोजणी जानेवारीत असते. आता जानेवारीच आहे. उद्या सकाळी साडेसातला मी नारंगी नदीच्या काठाने विहिरी मोजायला निघणार आहे. माझ्याकडे तीस मीटरचे दोन टेप आहेत, टोकाला वजन बांधलेले. टेप काठावरच्या एकाच खुणेपासून सोडायचा, पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आकडा वाचायचा, आणि मालकाला विचारून मोटार किती वेळापूर्वी बंद केली ते शेजारी लिहायचं. ज्यांना यायचं आहे त्यांनी एक वही आणि पेन आणा. विहीर कोरडी निघाली तरी तिच्यापुढची जागा मोकळी ठेवायची नाही, 'कोरडी' असं लिहायचं आहे.